चिखलात परतताना : जखमी जगज्जेत्यांसाठी प्रवेशिका

ही प्रवेशिका कोणासाठी?

धावायला शिकवणारी पुस्तकं बाजारात ढीगभर आहेत. सोफ्यावरून उठा आणि दोन-तीन महिन्यांत पाच किलोमीटर धावा, या छापाची. ती सगळी जन्मात कधी न धावलेल्यांसाठी असतात. ज्याचं सगळं धावून झालंय, ज्याच्या नावावर जगाचा विक्रम आहे आणि ज्याला आज सकाळी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत जिना उतरावा लागला, त्याचा विचार कोणीच केलेला नाही. वास्तविक त्याच्याइतका कोरा नवशिका शोधून सापडायचा नाही. धावण्यातलं त्याला सगळं कळतं. न धावण्यातलं ओ की ठो कळत नाही.

प्रवेशाच्या अटी दोनच. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेतलं किमान एक पदक हवं, आणि दुखापत स्वतःची हवी.

धडे एकाच आदर्श विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर बेतले आहेत. विद्यार्थ्याचं नाव केनेनिसा बेकेले. जन्म 1982, गाव इथिओपियातलं बेकोजी. याच डोंगराळ गावाने डेरार्टू टुलू आणि डिबाबा भगिनीही दिल्या. बेकेलेने जागतिक क्रॉस कंट्रीत प्रौढ गटाची 11 वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. 2002 ते 2006 अशी सलग पाच वर्षं त्याने छोट्या आणि लांब अशा दोन्ही पल्ल्यांच्या शर्यती जिंकल्या. शनिवारी एक झाली की रविवारी त्याच स्पाइक्स घालून दुसरी. ट्रॅकवर 5,000 मीटरला 12:37.35 आणि 10,000 मीटरला 26:17.53 हे त्याचे विश्वविक्रम 2020 पर्यंत टिकले. असा हा हुशार विद्यार्थी 2010 च्या सुरुवातीला पोटरी दुखावून घेऊन आमच्या बालवर्गात दाखल झाला.

साहित्य

पोटरी, एक, दुखरी.

फिजिओ, एक. अनुभवी आणि शक्यतो बहिरा, म्हणजे तुमची विनवणी त्याला ऐकू जाणार नाही.

पोहण्याचा तलाव आणि कमरेला बांधायचा फोमचा पट्टा.

स्पाइक्स, चिखलासाठी 12 किंवा 15 मिलिमीटर खिळ्यांच्या. सध्या कपाटात. किल्ली घरातल्या सगळ्यात कठोर माणसाकडे.

घड्याळ नको. का नको, ते चौथ्या धड्यात.

संयम, चवीनुसार.

धडा पहिला : न धावणे

बसा. पाय वर घ्या. आता धावू नका.

वाचायला सोपं वाटतं. पण जो माणूस वर्षानुवर्षं दिवसातून दोनदा आणि आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर धावत आला, त्याला दिवस केवढा मोठा असतो याची कल्पनाच नसते. सकाळचे नऊ वाजतात. मग पुन्हा बघावं तर नऊ वाजून दहा मिनिटंच झालेली असतात.

या रिकाम्या वेळात सल्लागार येतात. तुम्ही बेकोजीचे असा वा बीडचे, सल्लागारांना सरहद्द आडवी येत नाही. कोणी तेल जिरवायला सांगतो, कोणी शेकायला, कोणी अजिबात न शेकायला. एक जण हमखास विचारतो, एवढं धावायचंच कशाला म्हणतो मी? प्रश्न रास्त आहे. उत्तर देत बसू नका.

त्यापेक्षा आपल्याच पोटरीची ओळख करून घ्या. इतकी वर्षं ती बरोबर होती, पण तुम्ही कधी तिची विचारपूस केली नाहीत. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरून फुगीर दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. फोटोत तोच येतो. त्याच्याखाली झाकलेला चपटा स्नायू म्हणजे सोलियस. धावताना खरं ओझं हा उचलतो. दर पावलाला त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट जोर येतो, असा अंदाज आहे. दोघे खाली एकत्र येऊन टाचेमागच्या अकिलीस टेंडनमधून टाचेला जोडलेले. कष्ट करणारा दिसत नाही आणि मिरवणारा दिसतो, ही व्यवस्था पोटरीतही आहे. त्यामुळे वरून सूज उतरली, की खाली सगळं आलबेल असेलच असं नाही.

धडा दुसरा : पाण्यात धावणे

काही दिवसांनी फिजिओ तुम्हाला तलावाच्या खोल बाजूला सोडतो. कमरेला पट्टा, मान पाण्याच्या वर, तळाला पाय टेकवायचे नाहीत. आता धावा.

धावता येतं. फक्त पुढे जाता येत नाही. हाताची लय तीच, गुडघा उचलणं तेच, छातीचे ठोकेही बऱ्यापैकी वाढतात; तरी समोरच्या भिंतीवरची 'येथे सूर मारू नये' ही पाटी जागची हलत नाही. शेजारून एक आजोबा मान वर ठेवून सावकाश पोहत तुम्हाला मागे टाकतात. त्यांच्याशी शर्यत लावू नका. पुढच्या वळणानंतर तर मुळीच लावू नका.

पाण्यातला अभ्यास पुरा झाला की यंत्राकडे जा. नासातल्या संशोधनातून निघालेली एक ट्रेडमिल आहे. कमरेभोवती हवाबंद पिशवी आवळतात आणि हवेच्या दाबाने शरीर उचलून धरतात. पायांवर वजनाचा पाचवा हिस्सा येईल इथपर्यंत भार कमी करता येतो. मग रोज थोडं थोडं वजन परत द्यायचं. पैसे मोजून वजन कमी करणारे जगात पुष्कळ आहेत. पैसे मोजून आपलंच वजन हप्त्याहप्त्याने परत घेणारे फक्त तुम्ही.

धडा तिसरा : हृदय आणि पोटरी यांतलं वितुष्ट

हा धडा दोनदा वाचा. आमचे बहुतेक विद्यार्थी इथेच नापास होतात.

विश्रांतीत दम पटकन उतरतो, पण तो पटकन परतही येतो. रक्तातला द्रव वाढतो, हृदय जोमाने रक्त ढकलू लागतं आणि काही आठवड्यांत तुम्हाला वाटू लागतं, अरे, मी तर तोच आहे! हृदयाचं म्हणणं खरं असतं. पण ते फक्त स्वतःपुरतं बोलत असतं. हाड नव्याने घडायला तीन-चार महिने घेतं. टेंडनमध्ये रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे त्याचा कारभार आणखी संथ. हृदय म्हणतं निघूया. पोटरी म्हणते थांब जरा. आणि या दोघांत निवाडा करायला बसलेला मेंदू हा जगज्जेत्याचा असतो, म्हणजे पहिल्यापासून हृदयाच्या पक्षाचा. दमाला लगाम घालायची सवय त्याला कधी लागलेलीच नसते. दम हेच तर त्याचं भांडवल.

म्हणून नियम असा. आज बरं वाटलं म्हणून उद्या वाढवू नका. आज केलेल्या व्यायामाचा निकाल उद्या सकाळी, पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला लागतो. तो लागल्याशिवाय पुढचा अर्ज भरू नका. एका पायावर उभं राहून टाच उचला, सावकाश खाली सोडा, पुन्हा उचला. विश्वविक्रमवीराला याची लाज वाटते. वाटू द्या.

आमच्या आदर्श विद्यार्थ्याने काय केलं ते पाहा. पोटरी दुखावल्यावर दीड वर्षाहून अधिक काळ त्याने एकही शर्यत धावली नाही. इथवर पैकीच्या पैकी गुण. मग ऑगस्ट 2011 मध्ये तो दक्षिण कोरियातल्या देगू इथल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत थेट 10,000 मीटरच्या अंतिम शर्यतीला उभा राहिला. या अंतरावर तोवर तो कधीच हरलेला नव्हता. शर्यत अर्ध्याहून पुढे गेली आणि तो ट्रॅक सोडून बाजूला झाला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला निवृत्तीचा नारळ देण्याची तयारी केली. त्यानंतर तीन आठवडे होताहेत तोच ब्रुसेल्समध्ये त्याने तेच अंतर 26:43.16 मध्ये कापलं. त्या वर्षातली जगातली ती सर्वांत वेगवान वेळ होती.

यातून बोध काय? देगूतला बेकेले संपलेला नव्हता आणि ब्रुसेल्सचा बेकेले पुरता परतलेला नव्हता. एका शर्यतीवरून शरीराचं भविष्य वर्तवू नये. वर्तमानपत्रांनी नाही आणि तुम्ही तर नाहीच.

धडा चौथा : चिखलाची निवड

आता शर्यत निवडायची. ट्रॅक टाळा, निदान सुरुवातीला. ट्रॅक जगात कुठेही 400 मीटरचाच असतो. त्यामुळे तिथे तुमचा पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे तीन वर्षांपूर्वीचे धडधाकट तुम्ही. तो गृहस्थ दर लॅपला घड्याळातून वाकुल्या दाखवतो. त्याला हरवणं कठीण, कारण त्याचं काहीच दुखत नसतं.

क्रॉस कंट्रीत तो येत नाही. कुठे गवत, कुठे चिखल, कुठे चढ. यंदाचा मार्ग गेल्या वर्षीसारखा नसतो. म्हणूनच या खेळात विश्वविक्रम ठेवत नाहीत. इटलीत 'चिंक्वे मुलिनी' नावाची जुनी शर्यत आहे. तिचा मार्ग गावातल्या पाणचक्क्यांच्या आवारातून जातो. डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूस इथे 2019 ची जागतिक शर्यत एका संग्रहालयाच्या हिरवळ लावलेल्या उतरत्या छपरावरून धावली गेली. ऑस्ट्रेलियात बॅथर्स्टला 2023 मध्ये ती द्राक्षमळ्यातून गेली. छपरावर चढायला किती सेकंद लागावेत, याचा तक्ता अजून निघालेला नाही. शर्यत संपल्यावर कोणी टायमिंग विचारलं, तर तो या खेळातला नाही असं खुशाल समजा. इथे हातात पडतो तो फक्त नंबर : आज, या चिखलात, तुमच्यापुढे किती माणसं होती. बरं होणाऱ्या माणसाला एवढी माहिती पुरते.

चिखल मऊ असतो म्हणून तो पायांना सोसतो, अशी मात्र समजूत करून घेऊ नका. मऊ जमिनीत टाच रुतते. ती उपसून काढायचं काम कोणाचं? पोटरीचं. स्पाइक्सची टाच पातळ असते, म्हणजे अकिलीसवर आणखी ताण. चढावर पंजा रोवून अंग वर ढकलायचं, तेही पोटरीनेच. थोडक्यात, दुखरी पोटरी घेऊन क्रॉस कंट्रीला परतणं म्हणजे ज्या सावकाराने बुडवलं त्याच्याकडेच पुन्हा खातं उघडणं. तरी उघडा. पण आधी सपाट गवतावर, साध्या बुटांत. मग गवतावर स्पाइक्स घालून थोडा वेळ. मग चढ. चिखल सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा लावणारे पुन्हा धडा पहिल्यात भेटतात.

धडा पाचवा : शर्यतीचा दिवस

स्टार्ट लाईनवर जा. ट्रॅकवर तुम्हाला नेमलेली जागा मिळायची. इथे मैदानभर आडवी रांग असते आणि तिच्यात शंभरावर माणसं. काहीशे मीटरवर वाट अरुंद होते, तिथे सगळ्यांना एकाच वेळी पोचायचं असतं. कोपर लागतं. खिळा लागतो. माफी कोणी मागत नाही आणि तशी अपेक्षाही नसते.

बुटांच्या नाड्यांना दोन गाठी मारा. हे किरकोळ वाटलं तर 2008 चं एडिनबरा आठवा. तिथल्या हॉलिरूड पार्कमध्ये जागतिक स्पर्धा होती. त्याच्या आदल्या वर्षी मोंबासाच्या दमट उन्हात बेकेलेने शेवटच्या फेरीत शर्यत सोडली होती आणि पाच वर्षांहून जुनी त्याची अपराजित मालिका तिथे तुटली होती. एडिनबरामध्ये सुरुवातीलाच गर्दीत कोणाचा तरी पाय त्याच्या टाचेवर पडला आणि बूट निघाला. तो थांबला. बूट नीट घातला. तेवढ्यात अख्खा घोळका पुढे निघून गेला. मग तो एकेकाला मागे टाकत वर आला आणि जिंकला. लांब पल्ल्याचं ते त्याचं सहावं जागतिक विजेतेपद.

दुखापतीतून येणाऱ्याने इथे थांबण्याचा भाग गिरवावा, एकेकाला मागे टाकण्याचा नव्हे. काही खुपलं, सुटलं, ओढलं तर थांबा आणि पाहा. धडधाकट असताना ज्याला थांबून बूट घालणं जमलं, त्याला जखमी असताना ते कमीपणाचं वाटायचं कारण नाही.

धडा सहावा : अकरावं येणे

हा अभ्यासक्रमाचा कळसाध्याय.

हॉलिरूड पार्क तेच. पहिला प्रसंग 2008, बूट निघूनही विजय. दुसरा जानेवारी 2010, बर्फातली शर्यत. केनियाचा जोसेफ एबुया जिंकला, बेकेले चौथा. त्यानंतर पोटरीने रजा घेतली. तिसरा प्रसंग जानेवारी 2012. दुखापतीनंतर क्रॉस कंट्रीत परतलेला बेकेले तीन किलोमीटरच्या शर्यतीत उभा राहिला. केनियाचा असबेल किप्रोप पहिला आला. बेकेले अकरावा.

अकरावं कसं यावं, हे जगज्जेत्याला कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून कृती सविस्तर देतो. शेवटच्या वळणावर पुढे दहा पाठी दिसतील. मोजू नका, मोजून कमी होत नाहीत. रेषा ओलांडा. गुडघ्यांवर हात ठेवून वाका, यात पहिला आणि अकरावा सारखेच दिसतात. मग वार्ताहर येईल. तो 'काय चुकलं?' असं विचारेल. काही चुकलेलं नसतं. चढावर पोटरी टिकली, उतारावर टिकली, आणि उद्या सकाळी पलंगावरून उतरताना ती काय म्हणते हे कळायचं आहे. पण हे सांगायला गेलात तर मथळा होत नाही. म्हणून हसा आणि गरम कपडे घाला.

या खेळाच्या हिशेबात अकराव्यालाही किंमत आहे. सांघिक निकाल क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. ज्या संघाची बेरीज कमी तो जिंकतो. पहिल्याचा एक, अकराव्याचे अकरा. आपल्याच संघातला कोणी तिसावा येण्याऐवजी विसावा आला, तर विजेत्याला त्याचे पाय धरावेसे वाटतात. व्यक्तिपूजेवर वाढलेल्या जगज्जेत्याने ही बेरीज एकदा तरी हाताने करून पाहावी.

पुढे काय झालं, तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या 10,000 मीटरमध्ये बेकेले चौथा आला; कांस्यपदक त्याच्या धाकट्या भावाने, तारिकूने नेलं. 2013 च्या ग्रेट नॉर्थ रनमध्ये त्याने मो फराहला हरवलं. 2014 मध्ये पॅरिसला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन 2:05:04 मध्ये जिंकली. 2019 मध्ये बर्लिनला 2:01:41, म्हणजे तेव्हाच्या विश्वविक्रमापासून अवघे दोन सेकंद दूर. जागतिक क्रॉस कंट्रीचं बारावं सुवर्ण मात्र आलं नाही. तो परतला हे खरं, पण ज्या दारातून बाहेर पडला होता त्या दारातून नाही. दुखापतीनंतर शरीर जुना पत्ता देत नाही; नवा देतं आणि तिथे जायचं की नाही, ते आपल्यावर सोडतं. जुन्या पत्त्यावर हट्टाने पत्रं पाठवत राहिलेल्यांची नावं आम्ही छापत नाही.

शंकासमाधान

*मी पूर्वीसारखा कधी होईन?*
पूर्वी तुम्ही पूर्वीसारखे होतात, कारण तेव्हा तुमचं वय कमी होतं. पुढचा प्रश्न.

*क्रॉस कंट्री ऑलिंपिकमध्ये का नाही?*
होती. 1924 मध्ये पॅरिसच्या भाजून काढणाऱ्या उन्हात 38 जण निघाले आणि 15 पोचले. पावो नुर्मी आरामात जिंकला. बरेच जण वाटेत कोसळले. त्यानंतर तो प्रकार काढून टाकला. तेव्हा ऑलिंपिक गाठायचं आहे म्हणून पोटरीला घाई करण्याचं कारण, निदान या खेळात, 1924 पासून शिल्लक नाही.

*ही प्रवेशिका महाराष्ट्रात चालेल का?*
न चालायला काय झालं? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तेव्हा आधी क्रॉस कंट्रीच धावायचा, स्टीपलचेस नंतरची. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8:11.20 वेळेत रौप्य जिंकलं. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तो पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. गुडघ्यातलं एसीएल आणि मेनिस्कस दुखावलं, शस्त्रक्रिया करावी लागली. त्याला सल्ला द्यायची हिंमत आम्ही करणार नाही. सियाचीनमध्ये राहून आलेल्या माणसाला थांबणं म्हणजे काय, ते कळत असावं.

*फिजिओ म्हणतो अजून दोन आठवडे. मला तर बरं वाटतंय.*
धडा तिसरा, दोनदा.

स्वाध्याय

प्र. 1. गाळलेल्या जागा भरा.
(अ) धावताना खरं ओझं उचलणारा पण न दिसणारा स्नायू म्हणजे \_\_\_\_.
(आ) आजच्या व्यायामाचा निकाल \_\_\_\_ लागतो.

प्र. 2. कारणे द्या.
(अ) तलावातल्या आजोबांशी शर्यत लावू नये.
(आ) क्रॉस कंट्रीत टायमिंग विचारू नये.

प्र. 3. फरक स्पष्ट करा : देगूतला बेकेले आणि ब्रुसेल्समधला बेकेले. (तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर दाखवल्यास गुण कापले जातील.)

प्र. 4. पुढील विधानाची साधकबाधक चर्चा करा : 'मी आता पूर्ण बरा झालो आहे.' (वेळ नऊ महिने. वेळेआधी पेपर देणाऱ्याला नापास समजण्यात येईल.)